हळदीचें सत्त्व आणि शेतकऱ्याचा वांटा

दांडी-नवापूरच्या किनाऱ्यावर कोणाचा पाय मुरगळला कीं घरांत प्रथम हळद-मीठ कालवून ऊन लेप लाविला जातो. तेथून थोड्याच कोसांवर, बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत, औषधी द्रव्यें करणारे कारखाने उभे आहेत. घरच्या लेपाचा आणि कारखान्यांतल्या गोळीचा संबंध काय, हें हळद लावणाऱ्यानें समजून घेणें अगत्याचें आहे.

मार लागला असतां पेशींच्या आवरणांतील एका स्निग्धाम्लापासून प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें बनतात व त्यांमुळें सूज आणि ठणका उत्पन्न होतो. हा फेरफार घडविणाऱ्या विकरास, म्हणजे एन्झाइमास, सायक्लोऑक्सिजनेज म्हणतात. वाळुंजाच्या सालींतील कडू सत्त्वाचा माग काढतां काढतां १८९७ सालीं जर्मनींत ॲस्पिरिन तयार झालें. तें प्रोस्टाग्लँडिनांची घडण थांबवितें, असें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें.

हळदीचें पिवळें सत्त्व तें कुर्क्युमिन. प्रयोगशाळेंत तेंही अशा विकरांस मंदावितें; परंतु पोटांत घेतल्यास रक्तांत फारच थोडें उतरतें. म्हणून रसायनज्ञ त्यास हायड्रोजन जोडून टेट्राहायड्रोकुर्क्युमिनसारखीं साधित द्रव्यें बनवितात. कोणी मिऱ्यांतील पिपेरिन त्यांत मिसळतात. शोषण वाढविलेल्या अशा गोळ्यांनीं कांहीं जणांच्या यकृतास इजा झालेली आहे. आमटींतली चिमूटभर हळद निराळी आणि गोळी निराळी. रक्त पातळ करणारें औषध चालू असेल त्यानें तर डॉक्टरांस विचारल्यावांचून ती घेऊंच नये.

जखमेवर हळद वापरण्याचें पेटंट अमेरिकेंत १९९५ सालीं दिलें गेलें होतें. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असतां आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन तें १९९७ सालीं रद्द करविलें. घरचें ज्ञान राहिलें. पण नव्या साधित द्रव्याचें पेटंट मिळूं शकतें, आणि मोठा नफा तेथेंच असतो.

शेतकऱ्याच्या हातीं मालाची प्रत आहे. सुक्या हळदींत कुर्क्युमिन साधारणपणें २ ते ५ टक्के, म्हणजे क्विंटलास दोन ते पांच किलो, भरतें. प्रमाण बरेंचसें जातीवर ठरतें. सत्त्व काढणाऱ्या गिऱ्हाइकास हवें असतें तें एवढेंच. करितां नमुना तपासून घेऊन मगच सौदा करावा. हळद फाजील शिजवूं नये. भुकटी उजेडांत ठेवूं नये, सत्त्व कमी होतें. रंग खुलविण्यास लेड क्रोमेट चोळण्याची युक्ति कोणी सुचविल्यास त्यास दारांतूनच परत लावावें. त्यांतील शिसें लहान मुलांच्या मेंदूस बाधतें.