व्हाइटस्पेस साफ केली तर बिघडतं काय?

‘कंपायलरला काही फरक पडत नाही, मग बिघडणार काय?’

शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मी दर वर्षी ऐकतो. विचारणारी मुलं हुशार असतात, मेहनतीही असतात. लिनक्स कर्नलमध्ये आपल्या नावाची एक तरी कमिट असावी, एवढीच त्यांची इच्छा असते, आणि ती चांगलीच आहे. मग कुणीतरी सोपी वाट दाखवतं. फाइल सिस्टिमच्या डिरेक्टरीत जा, चेकपॅच नावाची स्क्रिप्ट चालव, ओळींच्या शेवटी राहिलेल्या स्पेस काढ, स्पेसच्या जागी टॅब घाल आणि पॅच पाठवून दे. एकदा एका विद्यार्थ्याने असे चाळीस पॅच एका रात्रीत तयार करून मला दाखवले. त्यातला एकही पाठवू नकोस, असं सांगताना मला वाईट वाटलं, आणि त्याला ही वाट दाखवणाऱ्याचा रागही आला.

मुळात ‘कंपायलरला फरक पडत नाही’ हेच पूर्ण खरं नाही. सी भाषेचा कंपायलर मजकुराचे आधी शब्द पाडतो, आणि दोन शब्दांमध्ये एक स्पेस आहे की सात टॅब, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ओळीच्या शेवटच्या अदृश्य स्पेस काढल्या, तर तयार होणारा यंत्रकोड बहुधा बिट न् बिट तसाच राहतो. इथपर्यंत मुलांचं बरोबर आहे. पण नको वाटलेली एक रिकामी ओळ काढली की खालच्या सगळ्या ओळींचे क्रमांक बदलतात. कर्नलमध्ये जागोजागी अशा तपासण्या पेरलेल्या असतात, की अशक्य वाटणारी स्थिती उद्भवली तर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक छापून यावा. तो क्रमांक कंपाइल होतानाच बायनरीत जाऊन बसतो. म्हणजे रिकामी ओळ काढल्यावर बायनरी बदलली, आणि उद्या एखाद्या सर्व्हरच्या लॉगमधला क्रमांक तुमच्यासमोरच्या फाइलशी जुळेना.

याहून बारीक उदाहरण ईएक्सटी३ या फाइल सिस्टिमच्या जर्नलचं, म्हणजे जेबीडीचं आहे. त्यात एक तपासणी-मॅक्रो होता. अट खोटी ठरली की तो ती अट जशीच्या तशी संदेशात छापायचा. सी भाषेच्या नियमाप्रमाणे असा मॅक्रो शब्दांमधल्या कितीही मोकळ्या जागेची एकच स्पेस करतो, पण जिथे मुळात स्पेस नाही तिथे तो ती घालत नाही. त्यामुळे मॅक्रोच्या कंसात लिहिलेल्या अटीत == या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना कुणी ‘शैलीसाठी’ स्पेस घातल्या, तर छापला जाणारा संदेश बदलतो. अवतरणचिन्हांतल्या मजकुराचं तर बोलायलाच नको. तिथली प्रत्येक स्पेस हा डेटा आहे.

तरीही हा या प्रश्नातला छोटा भाग झाला. खरी चूक आहे ती कंपायलर हाच सोर्स कोडचा एकमेव वाचक मानण्यात. तो कोड पॅच लावणारं साधन वाचतं, गिट वाचतं, मेंटेनर वाचतो, आणि दहा वर्षांनी बग शोधणारा कुणी अनोळखी माणूस वाचतो. यांतल्या प्रत्येकाला मोकळी जागा दिसते.

पॅच लागतो कसा, ते पाहा. बदललेल्या ओळींसोबत त्यात आजूबाजूच्या, सहसा वरच्या तीन आणि खालच्या तीन, न बदललेल्या ओळीही असतात. गावाकडे पत्ता सांगतात तसंच हे आहे: मारुतीच्या देवळासमोर, पिंपळाच्या अलीकडचं घर. ओळींचे क्रमांक इकडेतिकडे झाले तरी साधन या खुणांवरून जागा शोधून काढतं. तुम्ही त्या खुणांच्या ओळींतली एक स्पेस काढली, तर माणसाच्या डोळ्याला ती ओळ तीच दिसते, पण साधनाला ती वेगळी दिसते आणि पॅच नाकारला जाऊ शकतो. मोकळ्या जागेकडे दुर्लक्ष करून पॅच लावण्याचा पर्याय आहे. पण फाइल सिस्टिमच्या कोडवर मेंटेनर आंधळेपणाने तो वापरत नाहीत, कारण पॅच चुकीच्या जागी बसला तर धोक्यात येतात ती लोकांची साठवलेली कागदपत्रं आणि फोटो.

यात आणखी एक गाठ आहे, आणि ती कळली की बहुतेकांचा विचार बदलतो. कर्नलच्या मुख्य शाखेबरोबर अनेक स्थिर शाखाही चालू असतात, आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर, फोनवर बहुधा त्यांतलंच काहीतरी धावत असतं. स्थिर शाखांत काय घ्यायचं याचे लेखी नियम कर्नलच्या दस्तऐवजांत आहेत. स्पेलिंग किंवा व्हाइटस्पेस यांसारख्या किरकोळ दुरुस्त्या घ्यायच्या नाहीत, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे तुमची साफसफाई मुख्य शाखेत गेली, तर जुन्या शाखांत ती येणारच नाही. सहा महिन्यांनी त्याच फंक्शनमध्ये डेटा खराब करणारा बग सापडतो, मुख्य शाखेत दुरुस्त होतो, आणि ती दुरुस्ती जुन्या शाखेत लावायला गेलं की लागत नाही. मग कुणीतरी ती हाताने बसवतो. ‘फुकट’ साफसफाईची किंमत अशी दुसऱ्याच माणसाच्या वेळातून जाते.

इतिहासाचंही तसंच. कोणती ओळ शेवटची कुणी आणि कोणत्या कमिटमध्ये बदलली, हे गिट ब्लेम सांगतं. फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये एखादी अट विचित्र दिसते, आणि तिचं कारण फक्त जुन्या कमिटच्या संदेशात लिहिलेलं असतं: हे लॉक आधी का घ्यायचं, हा ब्लॉक आधी जर्नलमध्ये का लिहायचा. त्या ओळीवर व्हाइटस्पेसची कमिट बसली, की ब्लेम तुमचंच नाव दाखवतं. मोकळ्या जागेतले बदल ओलांडून मागे जाण्याचा पर्याय गिटमध्ये आहे, आणि ठरावीक कमिट वगळण्याची सोय २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून आली आहे. पण ही पायरी प्रत्येक वाचकाला आठवावी लागते.

आता उलट टोकाचा गैरसमज: कर्नलमध्ये व्हाइटस्पेसचे पॅच कधी घेतच नाहीत. तसं नाही. सप्टेंबर २००६ मध्ये मिंगमिंग काओ यांचा असाच एक पॅच घेतला गेला. ईएक्सटी३ आणि जेबीडी यांच्या फाइलींमधली फालतू व्हाइटस्पेस काढणं, एवढंच त्याचं काम होतं. कारणही नेमकं दिलं होतं: ईएक्सटी४ साठी या कोडची प्रत काढण्याआधी तो साफ करायचा. पुढच्याच महिन्यात ईएक्सटी३ च्या फाइलींची प्रत काढून ईएक्सटी४ सुरू झाली, आणि जेबीडीवरून जेबीडी२. साफसफाई आणि प्रत, दोन्ही गोष्टी २.६.१९ या एकाच आवृत्तीत आल्या.

हा मुहूर्त का महत्त्वाचा, ते समजून घ्या. प्रत काढल्यावर साफ केलं असतं तर तेच काम दोन ठिकाणी करावं लागलं असतं. फक्त नव्या प्रतीत केलं असतं, तर दोन्ही फाइली शेजारी ठेवल्यावर खऱ्या फरकांमध्ये शेकडो खोटे फरक मिसळले असते. ईएक्सटी३ चा स्वतंत्र कोड कर्नलमधून निघाला तो २०१५ मध्ये, ४.३ आवृत्तीत. तोवर नऊ वर्षं ही जुळी झाडं शेजारी उभी होती, आणि एकीकडे सापडलेला बग दुसरीकडेही आहे का, हे बघावंच लागत होतं. प्रत काढण्याआधी केलेल्या त्या कंटाळवाण्या कामाबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

दुसरं उदाहरण रायझरएफएस या फाइल सिस्टिमचं. तिच्या कोडमध्ये वेगवेगळ्या शैलींची इतकी सरमिसळ होती, की कधीकधी लागोपाठच्या दोन ओळीही एका वळणाच्या नसत. जुलै २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी एल-इंडेंट ही स्क्रिप्ट चालवून त्या सगळ्या फाइली कर्नलच्या शैलीत आणल्या. कमिटच्या संदेशात जेफ महोनी यांचं म्हणणं दिलं आहे. त्याचा सारांश असा: कोड बराच काळ स्थिर आहे, लावायचे राहिलेले पॅच थोडेच आहेत, म्हणून आत्ता हे करता येईल. आणि पुढे, माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा मुद्दा: हाताने करायच्या सुधारणा वेगळ्या ठेवू, म्हणजे प्रचंड पॅचच्या पोटात एखादी मानवी चूक लपणार नाही.

हजारो ओळींच्या डिफमध्ये चुकून पुसलेलं एक उद्गारचिन्ह कुणाच्या डोळ्याला दिसणार? म्हणून मोकळ्या जागेच्या पॅचमध्ये दुसरं काही म्हणजे काहीही नको. ‘जाता जाता एक व्हेरिएबलचं नावही सुधारलं’ हे वाक्य पॅचसोबत आलं, की वाचणाऱ्याचा भरवसा संपतो.

‘मोकळी जागा वगळून डिफ काढला, तो रिकामा आला, म्हणजे काही बदललं नाही,’ हेही ऐकू येतं. गिटचा तो पर्याय अवतरणचिन्हांतल्या स्पेसकडेही दुर्लक्ष करतो. म्हणून त्यावर थांबू नका. पॅचच्या आधी आणि नंतर कंपाइल करा, आणि डीबग माहिती वगळून दोन्ही ऑब्जेक्ट फाइली ताडून पाहा. ओळींची संख्या बदलली नसेल तर त्या सारख्याच निघायला हव्यात. नाही निघाल्या, तर कारण सापडेपर्यंत पॅच पाठवायचा नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. व्हाइटस्पेस काढल्याने फाइल सिस्टिम वेगवान होत नाही, डिस्कवरची जागाही वाचत नाही. धावतो तो यंत्रकोड, आणि त्यात या स्पेस कधी नव्हत्याच. टॅब म्हणजे आठ स्पेस नव्हेत. टॅब पुढच्या आठाच्या पटीतल्या रकान्यावर उडी मारतो, म्हणूनच डिफमध्ये सुरुवातीला एक चिन्ह वाढलं तरी टॅबची ओळ जागची हलत नाही आणि स्पेसची ओळ एक घर सरकते. चेकपॅचने ‘एरर’ म्हटलं म्हणजे ते सुधारलंच पाहिजे असं नाही. पॅच पाठवण्याविषयीचा कर्नलचाच दस्तऐवज त्याला मार्गदर्शक म्हणतो, माणसाच्या विवेकाला पर्याय नव्हे. ओळीच्या लांबीची ८० अक्षरांची मर्यादा दगडावरची रेघ नाही. शैलीचा दस्तऐवज तिला आजही पसंती देतो, पण चेकपॅचची इशारा देण्याची हद्द २०२० मध्ये १०० वर गेली. आणि इंडेंटेशन ही नुसती सजावट आहे असं वाटत असेल, तर २०१४ मधली ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमधली चूक आठवा: दुसऱ्यांदा पडलेली एक ‘गोटू फेल’ ओळ अटीच्या आत असल्यासारखी सरकवलेली होती, प्रत्यक्षात ती बाहेर होती. फसव्या इंडेंटेशनबद्दल इशारा देण्याची सोय जीसीसीने २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत आणली.

मग नवख्याने करायचं काय? कर्नलच्या विकासप्रक्रियेच्या दस्तऐवजात लिहिलं आहे, की नुसत्या शैलीच्या दुरुस्त्या गोंगाट मानल्या जातात आणि त्यांचं स्वागत थंडपणे होतं. पण त्याच कर्नलमध्ये स्टेजिंग नावाची डिरेक्टरी आहे. तिथला कोड अजून तयार व्हायचा असतो, आणि अशी साफसफाई तिथे हवी असते. इरोफ्स ही फाइल सिस्टिम २०१८ मध्ये तिथेच दाखल झाली आणि २०१९ मध्ये, ५.४ आवृत्तीत, मुख्य फाइल सिस्टिमच्या डिरेक्टरीत गेली. दुसरी वाट अशी: एखाद्या फंक्शनमधला खरा बग तुम्ही सुधारणारच असाल आणि तिथली व्हाइटस्पेस वाचताना आड येत असेल, तर बगचा पॅच आधी ठेवा, म्हणजे तो जुन्या शाखांत सहज जाईल, आणि साफसफाई पॅचच्या मालिकेत त्याच्यामागे वेगळी ठेवा.

पाठवताना एक काळजी घ्या. पॅचमध्ये खुणेची ओळ रिकामी असेल, तर तिच्या सुरुवातीला एक स्पेस असते आणि ती पॅचचा भाग असते. काही मेल प्रोग्रॅम ती गुपचूप काढून टाकतात, टॅबच्या स्पेस करतात, लांब ओळी मोडतात. म्हणून पॅच आधी स्वतःलाच मेल करा, आलेल्या मेलमधून तो कर्नलच्या न बदललेल्या प्रतीवर लावून बघा, आणि लागला तरच मेंटेनरला पाठवा.