बेरेटा एम९ पिस्तुलाची मॅगझिने

बेरेटा एम९ हे ९×१९ मिमी काडतूस वापरणारे अर्धस्वयंचलित पिस्तूल आहे. अमेरिकेच्या सैन्यदलांनी ते १९८५ साली स्वीकारले. इटलीतील बेरेटा कंपनीच्या ९२ मालिकेतील या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १५ काडतुसे मावतात. मॅगझिने मूळ कंपनीखेरीज इतर उत्पादकही तयार करतात. बाहेरून ती जवळजवळ सारखी दिसतात. वापरात मात्र त्यांच्यातील फरक किती मोठा ठरू शकतो हे इराक युद्धात दिसून आले.

रचना

पत्र्याची पेटी, तळपट्टी, स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या डोक्यावर बसून काडतुसे वर ढकलणारा फॉलोअर हे मॅगझिनचे मुख्य भाग होत. पेटीत काडतुसे दोन रांगांत एकाआड एक बसतात व वरच्या टोकाशी एकाच रांगेत येतात. गोळी झाडल्यावर स्लाइड मागे जाऊन पुन्हा पुढे येते. तेवढ्या क्षणात स्प्रिंगने पुढचे काडतूस वर आणावे लागते. त्याला उशीर झाल्यास स्लाइड रिकाम्या चेंबरवर बंद होते किंवा काडतूस तिरपे अडकते. त्यामुळे पेटीच्या वरच्या वळवलेल्या कडा, स्प्रिंगचा ताण आणि आतील पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा या बाबी तुलनेत महत्त्वाच्या ठरतात. जाहिरातींत अग्रस्थानी असणारी काडतुसांची संख्या त्यामानाने दुय्यम आहे.

इराकमधील अनुभव

२००३ नंतर इराकमधील सैनिकांकडून एम९ अडकत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. सुरुवातीला दोष पिस्तुलाला दिला गेला. चाचण्यांअंती कारण निघाले ते कंत्राटाने बनवून घेतलेल्या मॅगझिनांचे. त्यांवर फॉस्फेटचा जाड थर होता आणि तो उत्पादकाच्या मनाने नव्हे, तर सरकारी कंत्राटातील अटीनुसारच दिलेला होता. असा थर गंजापासून संरक्षण देतो व तेल धरून ठेवतो. पण तो खरखरीत असतो. वाळवंटातील बारीक धूळ त्यात रुतून बसली की फॉलोअर घासत वर सरकतो आणि स्प्रिंगची शक्ती अपुरी पडते. पुढे थराविषयीच्या अटी बदलून नवी मॅगझिने पुरवण्यात आली. एम९ए१ या सुधारित पिस्तुलासोबत बाष्प निक्षेपण पद्धतीने गुळगुळीत लेप दिलेली वाळूरोधक मॅगझिने आली. काडतुसांची संख्या तीच राहिली, बदलला तो मुख्यतः पृष्ठभाग.

इतर उत्पादक

१९६५ साली स्थापन झालेली मेक-गार ही इटालियन कंपनी अनेक पिस्तूल उत्पादकांना मॅगझिने पुरवते आणि स्वतःच्या नावानेही विकते. तिला निव्वळ पर्यायी उत्पादक म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते. बेरेटा ९२ साठी तिचे १८ काडतुसांचे मॅगझिनही मिळते. त्याच उंचीच्या पेटीत अधिक काडतुसे बसवायची तर स्प्रिंग व फॉलोअर यांना कमी जागा उरते. शेवटची काडतुसे भरताना अंगठ्याला अधिक जोर लावावा लागतो.

कायदेशीर मर्यादा

अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात १० पेक्षा अधिक काडतुसांची नवी मॅगझिने नागरिकांना विकण्यास संघराज्यीय कायद्याने बंदी होती. बंदीपूर्वी तयार झालेली मॅगझिने मात्र विकता येत असल्याने त्यांच्या किमती वाढल्या. कॅलिफोर्नियासह काही राज्यांनी अशी मर्यादा पुढे आपापल्या कायद्यांत ठेवली.