ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे फक्त मागणे का? जाणून घ्या

नांदगाव खंडेश्वर : वऱ्हाडात ख्रिस्ती उपासना रुजवण्यात १९व्या शतकाच्या अखेरीस अकोला भागात आलेल्या अलायन्स मिशनचा मोठा वाटा आहे. या उपासनेचा गाभा म्हणजे प्रार्थना.

प्रार्थनेत काय असते?
देवाची स्तुती, चुकांची कबुली, आभार आणि विनंती. शेवटी 'आमेन', म्हणजे 'तसेच होवो'.

कशी करतात?
चर्चमध्ये एकत्र किंवा घरी एकट्याने. मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय ६) येशू सांगतो, दिखावा नको. दार लावून एकांतात प्रार्थना करा.

मराठीपण कुठून आले?
१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग, भजन आणि कीर्तनाची वाट दिली. सामान्य स्त्रियांनाही वाचता यावे, म्हणून पंडिता रमाबाईंनी बायबल सोप्या मराठीत आणले.

सर्वांत अवघड काय?
त्याच अध्यायातील 'प्रभूच्या प्रार्थने'त 'मी' नाही, 'आम्ही' आहे. भाकर मागायची, तीही आजच्यापुरती आणि सर्वांसाठी. क्षमेला मात्र अट आहे : आधी आपण इतरांना क्षमा करायची. धुऱ्याच्या वादातून सख्ख्या भावाशी अबोला धरलेल्याला ही प्रार्थना पाठ असते, पण नेमकी इथेच जीभ अडखळते.