खोक्यांच्या लाकडाचा कमठा

बंगळुरूच्या मैसूर रोडवर न्यू टिंबर यार्ड लेआउट नावाची वस्ती आहे. तिथल्या एका वखारीत मी सिल्व्हर ओकची फळी मागितली: सहा फूट लांब, तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड. कशाला हवी, असं मालकांनी विचारल्यावर मी कन्नड शब्द सांगितला, ‘बिल्लु’. धनुष्य. त्यांनी फळी परत ठेवली आणि सागाच्या थप्पीकडे बोट केलं. हे खोक्यांचं लाकूड आहे, धनुष्याला चांगलं काहीतरी घ्या, असा त्यांचा आग्रह होता. तो मायेचा होता, पण मला नेमकं खोक्यांचंच लाकूड हवं होतं.

धनुष्याला ‘खानदानी’ लाकूड लागतं ही समजूत जगभर आहे. इंग्रजांच्या लांब धनुष्यांसाठी यू वृक्षाचं लाकूड नावाजलेलं. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्या जहाजावरची धनुष्यं यूचीच आहेत. आपल्याकडे हा मान धामणीचा. धामणीचं संस्कृत नावच ‘धन्वन’. कन्नडमध्ये तिला तडसलु म्हणतात. कुऱ्हाडीचे दांडे आणि गाडीची जू-जोखडं तिच्या लाकडाची होत, कारण ते चिवट, वाकून पुन्हा सरळ होणारं. पण शहरातल्या वखारीत धामण कोण ठेवणार? आणि असलीच, तरी एका हौशी धनुष्यासाठी जंगलातली धामण तोडावी, असं मला मुळीच वाटत नाही.

सिल्व्हर ओकचं तसं नाही. हा वृक्ष मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाचा, शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया रोबस्टा. खऱ्या ओकशी त्याचं नातं नाही. कोडगू आणि चिक्कमगळुरूच्या कॉफीच्या मळ्यांत तो सावलीसाठी लावतात, त्याच्या सरळसोट खोडावर मिरीचे वेल चढवतात. झाडं वाढली की तोडून विकतात आणि त्यांची खोकी, प्लायवूड होतं. म्हणजे हे लाकूड शेतात पिकतं.

लाकूड बेताचं असलं तर काय बदलावं लागतं, हे कळायला थोडं गणित हवं. धनुष्य वाकतं तेव्हा बाहेरची बाजू, म्हणजे त्याची पाठ, ताणली जाते आणि तिरंदाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. बाहू, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतचा भाग, जितका जाड, तितका त्याच वाकात पृष्ठभागावरचा ताण जास्त. आता कडकपणाचं पाहा. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट होतो, पण जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणून बाहू दुप्पट रुंद ठेवला, तर तोच जोर मिळवायला जाडी सुमारे एकपंचमांशाने कमी करता येते, आणि पृष्ठभागावरचा ताणही तेवढाच उतरतो. यूसारखं लाकूड अरुंद, जाड काठीच्या रूपातही टिकतं. साधं लाकूड तसं टिकत नाही. त्याला फक्त पसरट करा, की तेही टिकतं.

ही युक्ती नवी नाही. डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची धनुष्यं सापडली, ती एल्म लाकडाची आहेत आणि त्यांचे बाहू चपटे, रुंद आहेत. मधल्या काळात युरोपातली तिरंदाजी काठीसारख्या धनुष्याला इतकी सरावली, की १९३० च्या आसपास अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लोपस्टेग आणि फॉरेस्ट नॅग्लर या शास्त्रज्ञ-अभियंत्यांना पुन्हा मोजमाप करून चपट्या बाहूचा फायदा दाखवून द्यावा लागला. त्यांचे लेख १९४७ मध्ये एका पुस्तकात एकत्र आले.

आणि आपल्याकडे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांच्या चार जाती नोंदलेल्या आहेत: ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. या ग्रंथाची हस्तप्रत बंगळुरूपासून फार लांब नाही, म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ मध्ये आली आणि १९०९ मध्ये छापून निघाली. ती ताडपत्रावर लिहिलेली होती. ज्या कुळातल्या झाडाच्या पानावर हा मजकूर होता, त्याच कुळातल्या झाडाचं धनुष्य यादीत पहिलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. ताड काय, पोफळ काय, ही झाडं सुतारकामात कुणी मोजत नाही. पण त्यांना फांद्या नसतात, म्हणून लाकडात गाठी नसतात, आणि खोडाचा बाहेरचा भाग तंतूंनी गच्च भरलेला असतो. बांबूचंही तेच: सालीजवळ तंतू दाट, आत विरळ. निसर्गाने पाठ आधीच तयार करून ठेवलेली असते. भिल्लांचा कमठा, म्हणजे धनुष्य, बांबूचा असतो आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची असते. एकाच झाडातून आख्खं शस्त्र.

माझा पहिला कमठा मोडला. फळी दिसायला देखणी होती आणि मी तिचे तंतू पाहिलेच नाहीत. लाकडाचे तंतू फळीच्या कडेला समांतर हवेत. ते तिरके जात असतील तर मध्येच पाठीच्या पृष्ठभागावर येऊन तुटतात, आणि तिथून चीर सुरू होते. माझ्या फळीतही तसंच झालं, मुठीपासून वीतभर अंतरावर, अठरा इंच ओढल्यावर. आता मी शाईचा थेंब टाकून पाहतो. शाई तंतूंच्या बाजूने लांबट पसरते आणि त्यांची दिशा आपोआप दिसते. वखारीत पंधरा-वीस फळ्या उलटसुलट करून एक निवडायला अर्धा तास लागतो, पण खरी कारागिरी त्या अर्ध्या तासातच आहे.

दुसरा कमठा मोडला नाही, वाकून बसला. दोरी काढली तरी बाहू तीन इंच तिरंदाजाच्या बाजूला झुकलेले. लाकूड तंतूंच्या दिशेने ताण चांगला सोसतं, दाब त्यामानाने कमी सोसतं, म्हणून आधी पोट हार मानतं. तो जुलै होता आणि फळी ओलसर होती. ओल्या लाकडाचं पोट लवकर चेपतं. अगदी कोरडंठक्क लाकूड काचेसारखं तडकतं. वजनाच्या ९-१० टक्के ओलावा हा धनुष्याला मानवतो. ओलावा मोजायचा मीटर नसला तरी अडत नाही: फळी सावलीत, वाऱ्यावर ठेवायची, दर चार दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची, वजन घटायचं थांबलं की लाकडाचा हवेशी हिशेब जुळला.

घनताही घरीच काढता येते. लाकडाची सारख्या जाडीची पट्टी उंच, अरुंद भांड्यातल्या पाण्यात उभी सोडा. ३० सेंटिमीटरची माझी पट्टी सुमारे १७ सेंटिमीटर बुडाली, म्हणजे घनता पाण्याच्या ०.५७ पट. हलक्या लाकडाचा बाहू रुंद करावा लागतो, पण लाकूडच हलकं असल्याने एकूण वजन फारसं वाढत नाही. वजन कुठे आहे हे मात्र महत्त्वाचं. बाण सुटताना बाहूचं टोक वेगाने धावतं, मूठ जागेवर असते. अर्ध्या अंतरावरचा भाग साधारण अर्ध्या वेगाने जातो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तिथला एक ग्रॅम टोकावरच्या एका ग्रॅमच्या चौथा हिस्सा ऊर्जा खातो. म्हणून टोकं खरवडून जितकी बारीक करता येतील तितकी करायची. हलकं धनुष्य म्हणजे आधी हलकी टोकं.

तिसऱ्या कमठ्याचा आकार मी ट्रकच्या पाट्यांवरून घेतला. ट्रकच्या चाकावरचे ते एकावर एक रचलेले कमानपाटे मुळात एक त्रिकोणी पत्रा आहे. पट्ट्या कापून थप्पी केली, एवढंच. सगळीकडे सारख्या जाडीचा त्रिकोण टोकाकडून वाकवला, तर त्याच्या पृष्ठभागावर ताण सगळीकडे सारखा पडतो आणि तो वर्तुळाच्या कमानीसारखा वाकतो. कुठलाही भाग जादा राबत नाही, कुठला फुकट बसत नाही. कमान हा शब्द आपण गाडीच्या पाट्यांना आणि धनुष्याला एकच वापरतो, आणि तो दोन्हीकडे शोभतो.

तर रुंदी मुठीजवळ सव्वादोन इंच, टोकाला अर्धा इंच, मध्ये सरळ रेषा, जाडी अर्ध्या इंचाच्या आत. मुठीवर त्याच फळीचा तुकडा चिकटवला. रंध्याने बहुतेक लाकूड काढल्यावर काम संथ होतं. भिंतीवर कमठा टांगायचा, दोरी कप्पीवरून थोडी थोडी ओढायची, लांब उभं राहून दोन्ही बाहू पाहायचे. जो भाग ताठ दिसतो, तिथेच काचेच्या धारेने दोन-चार हात खरवडायचं. पुन्हा ओढायचं. ओढीच्या शेवटच्या दोन इंचांना माझे तीन रविवार गेले. हे काम घाईने होत नाही. वाकणारा भाग चुकून खरवडला तर तो आणखी वाकतो, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. पाठीवर जुन्या सुती कापडाची पट्टी सरसाने बसवली, म्हणजे एखादा तंतू उचललाच तर धरून ठेवेल.

पूर्ण ओढल्यावर जोर भरला ११ किलो. दोरीचा प्रवास अर्धा मीटर धरला तर धनुष्यात सुमारे २७ जूल ऊर्जा साठते, किलोभर वजन पावणेतीन मीटर उचलण्याइतकी. त्यातली साठ टक्के बाणाला मिळाली असं मानलं, तर २५ ग्रॅमचा बाण ताशी १३० किलोमीटरच्या आसपास निघतो. हे खेळणं नाही. समोर मातीचा उंच बांध आणि मागे कुणी नाही, याची खात्री हवीच. आणि बाणाविना दोरी कधी सोडायची नाही. बाण नसला की सगळी ऊर्जा लाकडातच परत शिरते आणि आधी टोकं किंवा चीर शोधते.

बंगळुरूत लाकडाकडे अशा नजरेने पाहणारं मोठं घर आहे: मल्लेश्वरममधली काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था. १९३८ च्या वन संशोधन प्रयोगशाळेतून ती वाढली आणि १९८८ पासून आजच्या नावाने काम करते. शहराजवळच्या चन्नपट्टणात लाखेची रंगीत खेळणी पूर्वापार काळ्या कुड्याच्या पांढऱ्या लाकडाची होत. आता तिथेही सिल्व्हर ओक आणि रबराचं लाकूड लेथवर चढतं. जंगलातलं लाकूड सोडून शेतातल्या लाकडावर यायचं, तर प्रत्येक कारागिराला आपला आकार नव्याने शिकावा लागतो.

तिरंदाजीत ते जास्तच निकडीचं आहे. साताऱ्यात सराव केलेल्या अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपदं मिळवली, आणि गावोगावची मुलं धनुष्य मागू लागली. स्पर्धेचं धनुष्य लाखांत जातं. आपल्या देशी स्पर्धांत बांबू-लाकडाच्या धनुष्यांचा ‘इंडियन राउंड’ असतो, तिथूनच बहुतेकांची सुरुवात होते. तेरा वर्षांच्या मुलीला दहा किलोच्या आतला, तिच्या हाताच्या मापाचा कमठा शाळेतच करता आला, तर भौतिकशास्त्राचा एक धडा आणि पहिला नेम दोन्ही एकाच फळीतून निघतील.

मालकांना मी तिसरा कमठा दाखवायला नेला. त्यांनी टोकं दाबून पाहिली, पाठीवरून अंगठा फिरवला. मग आत जाऊन पोफळीच्या चिरलेल्या दोन फाळक्या आणल्या आणि यांचं करून दाखवा म्हणाले. त्या आता माझ्या बाल्कनीत वाळताहेत. कालचं वजन १,८४० ग्रॅम.