‘लाइट’ : अर्थसंकोच आणि अर्थविस्तार

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि लगतच्या रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब कोसळून अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून राहिली. अशा प्रसंगी ‘लाइट नाही’ हे वाक्य भर दुपारी, लख्ख उन्हातही उच्चारले जाते. विहिरीवरचा पंप बंद आहे, पिठाची गिरणी थांबली आहे, एवढाच त्याचा अर्थ. उजेडाशी त्याचा संबंध उरलेला नसतो. हे अर्थांतर कसे घडले, हे पाहणे उद्बोधक आहे.

इंग्रजीत ‘लाइट’ हा वस्तुतः एक शब्द नसून दोन आहेत. प्रकाशवाचक ‘लाइट’ हा संस्कृत ‘रुच्’ (प्रकाशणे) या धातूचा सगोत्र. ‘जड नसलेला’ या अर्थाचा ‘लाइट’ हा ‘लघु’चा सगोत्र होय. संस्कृतात ज्यांच्यात काडीचेही साम्य नाही, ते शब्द इंग्रजीत ध्वनिपरिवर्तनाने एकरूप झाले. ही अनेकार्थता नव्हे, समोच्चारता होय.

मराठीने दोन्ही शब्द उचलले. ‘लाइट जेवण’ आणि ‘लाइट घेणे’ (मनावर न घेणे) यांत दुसरा शब्द आहे. ‘लाइट रंग’ हा प्रयोगही त्याच वर्गातला वाटतो. परंतु फिकेपणाचा अर्थ इंग्रजीत प्रकाशवाचक शब्दापासून निघालेला आहे. मराठीभाषकाला मात्र हा भेद जाणवत नाही, कारण ‘हलका रंग’ असेही तो म्हणतोच.

नामाची कथा याहून वेगळी आहे. समईच्या उजेडाला, चांदण्याला किंवा उन्हाला मराठीत कोणी ‘लाइट’ म्हणत नाही. येथे प्रथम अर्थसंकोच झाला : केवळ विजेचा दिवा तो ‘लाइट’. त्यानंतर विस्तार झाला : दिव्यावरून दिवा पेटविणारी शक्ती. म्हणूनच शीतकपाटाने खाल्लेली वीजही ‘लाइटबिला’तच मोजली जाते.

या दोन पायऱ्यांची खूण लिंगवचनात दिसते. ‘लाइट लावला’ यात ‘दिवा’ या शब्दाचे पुल्लिंग आहे. ‘लाइट गेले’ यात ‘दिवे’ या अनेकवचनाची छाया आहे. ‘लाइट आली’ यात ‘वीज’ या शब्दाचे स्त्रीलिंग आहे. परका शब्द ज्या देशी शब्दाची जागा घेतो, त्याचे लिंगही बहुधा घेतो.

तेव्हा कोशात ‘लाइट : प्रकाश, हलका’ एवढेच नोंदविणे म्हणजे इंग्रजी शब्दाची नोंद करणे होय, मराठी शब्दाची नव्हे. मराठी ‘लाइट’चा मुख्य अर्थ ‘विजेचा पुरवठा’ हा आहे, आणि तो इंग्रजी कोशात शोधून सापडणार नाही. उसना शब्द ज्या भाषेत रुजला, त्या भाषेच्या वापरावरूनच त्याचा अर्थ ठरवावा लागतो.