गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि आयुष्याचा अंदाज

घरांतील कर्त्या स्त्रीस गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें, कीं आप्तेष्टांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आतां किती दिवस? रोग्याच्या चेहऱ्यावरून याचें उत्तर मिळत नाहीं; अर्बुदाच्या लक्षणांवरून मात्र बराच विश्वसनीय अंदाज करतां येतो. हा अंदाज शंभर स्त्रियांचा असतो, एकीचा नव्हे, एवढें ध्यानांत ठेवावें.

पहिलें लक्षण आकाराचें. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र संघानें २०१८ सालीं केलेल्या वर्गीकरणांत, गर्भाशयमुखापुरत्याच मर्यादित असलेल्या गांठींस २ व ४ सेंटिमीटर या मर्यादा घातल्या आहेत. बोराएवढी गांठ आणि लिंबाहून मोठी गांठ यांत नुसता मापाचा फरक नसतो. गांठ वाढते तशी ती खोल रुजते, आणि खोल रुजलेल्या पेशींना लसवाहिन्यांची वाट सांपडते. उलट, जिची खोली सूक्ष्मदर्शकाखालीं ३ मिलिमीटरपेक्षां अधिक भरत नाहीं, अशा प्रारंभींच्या विकारांत योग्य उपचारानंतर ५ वर्षें पार करणाऱ्या स्त्रिया शंभरांत नव्वदांहून अधिक असतात.

आकाराहूनही बोलका साक्षीदार म्हणजे कटिभागांतील लसग्रंथी. दोघींच्या गांठी एकाच मापाच्या असल्या, तरी जिच्या ग्रंथींत रोग शिरला तिचें भवितव्य निराळें. पूर्वींच्या वर्गीकरणांत ग्रंथींस स्थानच नव्हतें! तें २०१८ त मिळालें. आतां ग्रंथी दूषित असल्यास गांठ लहान असूनही रोग तिसऱ्या अवस्थेंत गणला जातो. विलंबास कारण होतें. हा रोग जेथें अधिक, तेथें ग्रंथी दाखविणारीं यंत्रें कमी; म्हणून मुख्य भिस्त डॉक्टरांच्या हातावरच ठेवणें भाग पडलें. गांठीनें मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंड फुगलें, तर तीही तिसरीच अवस्था. पेशींच्या जातीचाही थोडाफार परिणाम होतो.

पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव ही या रोगाची ठळक सूचना. पण ती घरोघर संकोचानें झांकली जाते, आणि त्या महिन्यांत गांठ वाढत राहते. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या गटास या रोगाच्या विषाणूची चाचणी एकदांच देऊं केली होती, त्या गटांत पुढील ८ वर्षांत या रोगाचे मृत्यू, नेहमींच्याच व्यवस्थेवर सोंपविलेल्या गटाच्या मानानें, निम्म्याच्या आसपास होते.