क्रमांक कुणी वाटायचे?

११ सप्टेंबर २०१२ च्या सकाळी गिटहबवरच्या १६ खासगी रेपॉझिटरी सात मिनिटं भलत्याच लोकांना उघड्या होत्या. घुसखोरी कुणीच केली नव्हती. सर्व्हरच्या गोंधळात मायएसक्यूएलची मागे पडलेली एक प्रत मुख्य होऊन बसली, तिची मोजणी जुन्या आकड्यापासून पुढे सरकू लागली आणि एकदा देऊन झालेले क्रमांक नव्या नोंदींना पुन्हा मिळाले. बाकीच्या साठ्यांत मात्र ते अजून जुन्याच नोंदींचे होते.

डेटाबेस एकटा असतो तोवर ऑटो-इन्क्रिमेंट पुरतं. रेप्लिकेशन आलं आणि दोन ठिकाणी लिहायची मुभा मिळाली, की दोन्ही सर्व्हर आपापल्या नव्या नोंदीला ५०१ हाच क्रमांक देतात.

१९८९ साली आलेल्या लोटस नोट्सनं हे आधीच ओळखलं होतं. सर्व्हरशी संपर्क नसतानाही लोक काम करणार, म्हणून प्रत्येक दस्तऐवजाला जन्मतःच १६ बाइटांची ओळख मिळे आणि ती प्रत्येक प्रतीत तीच राही. अपोलो कॉम्प्युटरच्या कामातून पुढे आलेला १२८ बिटांचा यूयूआयडी याच वाटेचा. त्याच्या पहिल्या प्रकारात नेटवर्क कार्डाचा पत्ता असे आणि १५ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे ग्रेगरीय दिनदर्शिकेच्या पहिल्या दिवसापासून, मोजलेली वेळ. क्रमांक वाटणारा मध्ये कुणी लागतच नसे.

वेब कंपन्यांना मात्र आटोपशीर आकडे हवे होते. फ्लिकरनं २००६ पासून फक्त क्रमांक वाटणारे दोन सर्व्हर ठेवले; एक विषम आकडे देई, दुसरा सम. एक बंद पडला तरी टक्कर होत नसे. साधेपणात या युक्तीला तोड नाही. २०१० मध्ये ट्विटरनं स्नोफ्लेक आणलं: ६४ बिटांच्या क्रमांकात ४१ बिट वेळेचे, १० यंत्राचे आणि १२ अनुक्रमाचे. पण जावास्क्रिप्टला ५३ बिटांपलीकडचे पूर्णांक नेमके धरता येत नाहीत, म्हणून तोच क्रमांक अक्षरमाला म्हणूनही पाठवावा लागला.

या काळात एक जुनी खोट तशीच राहिली. रीस्टार्टनंतर मायएसक्यूएलचं साठवण-इंजिन इनोडीबी टेबलातला सर्वांत मोठा क्रमांक पाहून पुन्हा मोजणी सुरू करी, त्यामुळे शेवटची नोंद पुसलेली असली तर तिचा क्रमांक दुसरीला मिळे. मायएसक्यूएलकडे याची तक्रार २००३ मध्ये गेली होती, क्रमांक १९९. ती मिटली ८.० आवृत्तीत, २०१८ साली. इतक्या मूलभूत गोष्टीला पंधरा वर्षं लागणं क्षम्य नाही.

यादृच्छिक यूयूआयडीनं टक्कर जवळपास संपवली, पण नव्या नोंदी इंडेक्सभर विखुरल्या आणि लिहिणं मंदावलं. मे २०२४ मधल्या आरएफसी ९५६२ नं सातवा प्रकार प्रमाण केला: आधी ४८ बिट मिलिसेकंदांतली वेळ, मागे बहुतेक यादृच्छिक बिट. सप्टेंबर २०२५ च्या पोस्टग्रेस १८ मध्ये तो तयार करणारं फंक्शन अंगभूत आहे.